रेस कोण वाढवतं?

माझा राग नाकावर असतो हे सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात मात्र तो नाकावर मावत नव्हता, कारण माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक इंजिन होतं आणि ते रोज सकाळी भेस्तानच्या चौकात तापून निघायचं.

साडेसातला त्या चौकात काय असतं ते तिथे अडकलेल्यालाच कळतं. कापडाच्या ताक्यांनी लादलेले टेम्पो, सचिन गावाच्या कारखान्यांकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, माणसं कोंबलेल्या रिक्षा, आणि त्यांच्या फटींत आम्ही दुचाकीवाले. सिग्नल हिरवा झाला की पुढचा टेम्पो दोन हात सरकतो आणि परत थांबतो. माझी गाडी हवेवर थंड होणारी. धावली तर वारा लागणार, उभी राहिली की आपल्याच उष्णतेत शिजणार. त्यात तिची रेस वाढलेली. रेस म्हणजे मूठ न पिळता इंजिन जागच्या जागी जेवढं फिरतं तो वेग. तो कमी हवा, गाडीनं शांतपणे पुटपुटत उभं राहायला हवं. माझी गाडी उभ्या उभ्या किंचाळायची. शेजारचे वळून बघायचे, ही बाई उगाच मूठ का पिळतेय म्हणून. मी मूठ पिळत नसायचे. मी ब्रेक दाबून दातओठ खात बसलेली असायचे.

मग वास यायचा. जळक्या तेलाचा, आणि बुटाच्या रबराचा, कारण पाय इंजिनाला टेकलेला असायचा. मग गाडीची ताकद जायची. क्लच सोडला की ती खोकायची, आतून टकटक करायची आणि चौकाच्या मधोमध बंद पडायची. थंड होईपर्यंत किक मारून काही उपयोग नाही. मागून भोंगे, आणि प्रत्येक भोंग्यासोबत एक सल्ला. चोक बघा, पेट्रोल बघा, घरात कोणी पुरुष नाही का चालवायला.

मी सचिनच्या एका डाइंग हाउसमध्ये रंग जुळवायचं काम करते. आठला फाटक बंद होतं. नंतर आलेल्यानं बाहेरच्या बाकावर अर्धा दिवस बसायचं, आत कामाचा खोळंबा झाला तरी चालेल, पण बसायचं. त्या बाकावर मी त्या उन्हाळ्यात इतकी बसले की तिथला चहावाला मला न विचारता कप आणून द्यायला लागला. मला त्याचाही राग यायचा.

गाडी मुळात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा जळगावकडून तरुणपणी सुरतेत आले आणि तीसेक वर्षं लूमच्या खात्यात राहिले. खातं म्हणजे लूमची शेड. आधी कारागीर होते, मग जॉबर झाले. जॉबर म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारा, तिची चाल बसवणारा माणूस. आबांचं नाव असं होतं की ते दारातून आत शिरतानाच आवाजावरून सांगायचे, तिसऱ्या रांगेतल्या अमुक लूमचा पट्टा सैल झालाय. शेठ दुसऱ्या खात्यातल्या लोकांना घेऊन यायचा आणि आबांचे कान दाखवायचा. मग शेठनं जुन्या लूम भंगारात काढल्या, नवी यंत्रं आणली, आणि नव्या यंत्रांबरोबर त्यांचा वेगळा मेकॅनिकही आला. आबा घरी बसले.

बसले, पण सकाळचा अर्धा तास सोडून. पहाटे उठून ते माझी गाडी बाहेर काढायचे, फडक्यानं पुसायचे, चेन बघायचे, चाकातली हवा बघायचे, किक मारायचे आणि डिसमिस घेऊन तिच्याशेजारी उकिडवे बसायचे. पेचकसाला सुरतेत डिसमिस म्हणतात. त्या अर्ध्या तासात आबा पुन्हा जॉबर असायचे. बाकीचा दिवस ते खुर्चीत असायचे, आणि खुर्चीतला माणूस मला ओळखीचा वाटत नसे. त्यामुळे त्या डिसमिसचं काय करायचं, हा प्रश्न पुढे माझ्यासमोर आला तेव्हा तो फक्त एका स्क्रूचा नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं. तरीही मी वागायचं तशीच वागले.

आधी मी राग काढला मेकॅनिकवर. आमच्या नाक्यावर एक गुजराती काका आहेत, म्हातारे, सावकाश काम करणारे. त्यांनी इंजिनाच्या पट्ट्यांमध्ये बसलेला चिखल आणि धाग्यांचा कचरा ब्रशनं काढला, तेल बदललं, प्लग साफ केला, टॅपेट बघितले. मला गाडीवर बसवून एक फेरी मारायला लावली, आणि इंजिन नीट गरम झाल्यावर रेस बसवली. थंड इंजिनावर रेस कधी लावायची नाही, ते म्हणाले. थंड गाडी कुंथते, म्हणून माणूस स्क्रू पिळतो, आणि तीच गाडी तापली की रेस दुप्पट होते. सिग्नल लांब असेल तर बंद कर, अर्धा क्लच दाबून सरकत राहू नकोस. मी सगळं ऐकलं. त्या दिवशी गाडी लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी भेस्तानच्या चौकात ती पुन्हा किंचाळली.

मी कामावरून परत येताना थेट नाक्यावर गेले आणि काकांना चारचौघांत नको नको ते बोलले. मुद्दाम अर्धवट काम करता, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. काकांनी हात पुसले, स्क्रू बघितला आणि म्हणाले, "बेन, कोईए रेस वधारी छे. घरमां कोण अडे छे?" रेस कुणीतरी वाढवलीय, घरात गाडीला हात कोण लावतं. मी म्हटलं, कुणी नाही; आबा नुसती पुसापुशी करतात असंच मी धरून चालले होते. तरी ते म्हणाले, नेलपॉलिश असेल तर आण. मी घरून आणली. त्यांनी रेस बसवली आणि स्क्रूच्या डोक्यावरून कार्बोरेटरच्या अंगापर्यंत एक लाल रेघ ओढली. रेघ तुटली तर माझ्याशी भांडायला येऊ नकोस, एवढंच बोलले.

सकाळी रेघ तुटलेली होती. स्क्रूवरचा लाल ठिपका पार दुसऱ्या बाजूला गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. काकांची माफी मागायला मला चार दिवस लागले, आणि तीही मी त्यांच्याकडे न बघताच मागितली.

आता राग घरात आला. त्या सकाळपासून मी निघताना रोज आबांना सांगू लागले. उन्हाळ्यात सुरतेतल्या बायका दुचाकीवर निघताना ओढणी डोळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळतात, इथे त्याला बुकानी म्हणतात. माझी बुकानी बांधून झालेली असायची, वर हेल्मेट, गाडी चालू, आणि आबा दारात उभे. मी म्हणायचे, "आबा, रेसला हात लावायचा नाही. गाडी तापते. कळलं?" आबा माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "हा माय, सावकाश जाय."

दुसऱ्या दिवशी स्क्रू पिळलेला.

घरी आम्ही अहिराणी बोलतो, पण भांडताना माझ्या तोंडून शाळेतली मराठी निघते. मी रोज आवाज चढवत गेले. तुम्हाला सांगितलेलं समजत नाही का? माझी नोकरी घालवायचीय का? लूम आणि मोटरसायकल यांत काही फरक असतो की नाही? आबा मान हलवायचे. "हा माय. सावकाश जाय." पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटायचं, हा माणूस माझी मुद्दाम चेष्टा करतोय. पोरगी कमावते, गाडी चालवते, वर अक्कल शिकवते, म्हणून हा त्यांचा डाव आहे. असं मी खरंच समजत होते, आणि एकदा नाही, महिनाभर.

मग मे महिन्यातला तो दिवस. चौकात एक ट्रक आडवा झाला होता आणि कुणीच हलत नव्हतं. मी गाडी बंद करायला हवी होती, पण पुढचा सरकेल, पुढचा सरकेल या आशेवर ती चालू ठेवली. टकटक सुरू झाली, मग एक जड आवाज आला आणि इंजिन जागीच अडलं. किक खालीच जाईना. उतरताना माझी पोटरी इंजिनाला लागली आणि सलवारीसकट कातडी भाजली. मी ती गाडी ढकलत भेस्तानपासून डिंडोलीमार्गे गोडादऱ्यापर्यंत आणली. वाटेत दोघातिघांनी मदत विचारली, मी त्यांच्या अंगावर ओरडले. नाक्यावर काकांनी गाडी थंड होऊ दिली, प्लगच्या भोकातून तेल सोडलं, हळूहळू किक फिरवली आणि म्हणाले, नशीब, पिस्टननं धरलं होतं पण सोडलं. पुन्हा धरलं तर पिस्टन गेलाच समज, आणि ही वेळ धावत्या गाडीवर आली तर मागचं चाक जाम होईल आणि तू टेम्पोखाली जाशील. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पायामुळे मी सुट्टी घेतली. पहाटे जाग आली ती गाडीच्या आवाजानं. मी उठले, लंगडत दारापर्यंत गेले, आज याचा सोक्षमोक्षच लावायचा म्हणून. आबा गाडीशेजारी बसले होते, पाठ माझ्याकडे. मी म्हणाले, "आबा." ते हलले नाहीत. मी ओरडले, "आबा!" समोरच्या घरातली बाई भांडी घासता घासता थांबून बघू लागली. आबांनी मागे बघितलंच नाही.

आणि मग ते काय करत होते ते मला दिसलं. त्यांनी डिसमिसचं टोक इंजिनाला टेकवलं होतं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली होती. मेकॅनिक असं करतात, आतला आवाज ऐकायला. थोडा वेळ तसे राहिले. मग त्यांनी मूठ कानामागून काढली आणि दातांत धरली. डोळे मिटले. मग डिसमिस काढून एका हाताचा तळवा टाकीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्क्रू पिळू लागले. थोडा पिळायचे, थांबायचे, तळवा दाबायचे. इंजिन किंचाळू लागलं. आबांचा हात टाकीबरोबर थरथरू लागला तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली आणि हात काढला.

त्यांना गाडी ऐकू येत नव्हती. हाताला जाणवेपर्यंत ते ती वाढवत होते, थंड इंजिनावर, रोज.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. तोंडावर बुकानी नव्हती. मी हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही?" आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं. माझ्या ओठांकडे बघत होते ते.

"खातामा कोनले ऐकू येस?" ते म्हणाले.

लूमच्या खात्यात बोलून ऐकू जात नाही. तिथले लोक एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं म्हणजे धागा तुटला, मूठ फिरवली म्हणजे बंद कर, तळहात उलटा म्हणजे शेठ आला. आबांना दुसऱ्याचं तोंड वाचायची सवय जवानीपासूनची. त्यामुळे कान केव्हा गेले ते त्यांना कदाचित नेमकं सांगताही आलं नसतं. आणि आमची सगळी गल्ली लूमवाल्यांची, घरोघरी लोक ओरडूनच बोलतात. आमच्याकडे हळू बोलणारा माणूस आजारी समजतात. अशा गल्लीत एका माणसाचं बहिरेपण लपवायला काही करावंच लागत नाही.

"मग मी रोज सकाळी काय सांगायचे तुम्हाला?" मी विचारलं.

आबा थोडं ओशाळले. "माले वाटे, तू 'जास मी' म्हनस."

बुकानीआडून माझे फक्त डोळे दिसायचे. महिनाभर मी त्या माणसाला शिव्या घातल्या आणि तो मला निरोप देत होता. मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. आधी मी स्वयंपाकघरात जाऊन तो आईवर काढला. तिला सांगितलं, आबांना ऐकू येत नाही. ती पोळी उलटत म्हणाली, "माले माहीत व्हतं." किती वर्षांपासून? तिनं खांदे उडवले. जॉबरचे कान गेले असं बाहेर कळलं असतं तर शेठनं त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, म्हणून दोघं गप्प राहिले. पुढे गप्प राहायची सवय पडली. आणि मी? मला का नाही सांगितलं? "तू चिडशी," ती म्हणाली. मी चिडलेच होते.

त्या दिवसभर मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले. शेठशी भांडले. ज्या कानांच्या जोरावर त्यानं मिरवून घेतलं ते कान त्याच्याच खात्यानं खाल्ले, आणि कानात घालायला कापसाचा बोळाही त्यानं कधी दिला नाही. आबांशी भांडले, की एवढं सोसायला कुणी सांगितलं होतं. स्वतःशीही भांडले. मी दिवसभर कापडावरच्या दोन निळ्यांमधला फरक ओळखते, तो चुकला तर पार्टी माल परत पाठवते. आणि माझा बाप बोलताना माझ्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघतो, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मी लगेच हार मानली नाही. आबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मशीन मिळालं. आबांनी ते दोन दिवस घातलं आणि काढून डबीत ठेवलं. त्यात माणसांचं बोलणं येत नाही, ते म्हणाले, सगळं खातंच ऐकू येतं, पुन्हा लूमा चालू झाल्यासारखं. मग मी नेलपॉलिशची रेघ दाखवली. म्हटलं, आबा, पुसा, चेन बघा, सगळं करा, फक्त स्क्रू या रेघेच्या पुढे न्यायचा नाही. त्यांनी रेघेकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्यांना राग आला. माझा राग कुणाकडून आला ते तेव्हा कळलं. "मी जॉबर शे," ते म्हणाले. "माले खूण कशाले जोयजे?" नव्या पोराला खूण करून देतात. ज्याला यंत्र कळतं तो खुणेवर काम करत नाही. दोन दिवस त्यांनी माझ्यासाठी रेघ पाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन कुंथत असावं, त्यांच्या हाताला काहीच लागलं नसावं. त्यांना गाडी मेली असं वाटलं. त्यांनी तिला जगवलं.

त्या दिवशी भेस्तानच्या पुलावर, धावत्या गाडीखाली, मला तीच टकटक ऐकू आली. मी क्लच दाबला, गाडी कडेला घेतली आणि कठड्याला धरून उभी राहिले. मागून आलेला टेम्पो माझ्या कोपराला वारा घालत गेला.

संध्याकाळी मी काकांकडून रेस पुन्हा बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या आधी उठले. ओढणी खांद्यावरच ठेवली. ते गाडी बाहेर काढायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ नीट दिसतील अशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आबा, आजपासून गाडीला हात लावायचा नाही. डिसमिस द्या इकडे."

मला वाटलं होतं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. आबांनी माझं वाक्य पूर्ण वाचलं, एकदाही डोळे न हलवता. मग शर्टाच्या खिशातून डिसमिस काढला, त्याची मूठ फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिला.

"बरं," ते म्हणाले. मग विचारलं, "मंग सकायले मी काय करू?"

मी डिसमिस पर्समध्ये टाकला, बुकानी बांधली आणि निघाले. आबा दारात उभे होते. त्या दिवशी भेस्तानच्या चौकात नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकावं लागलं, आणि गाडी एकदाही तापली नाही.